ओढ्याच्या वाटेवर परतीच्या पाण्याचा हिशोब

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. ठाण्याहून आम्ही पाच जण मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीमागच्या ओढ्याने वर गेलो होतो. वाट कधी ओढ्याच्या डाव्या काठाने, तर कधी उजव्या. वाडीपासून वरच्या घळीपर्यंत सात वेळा पाणी ओलांडावं लागतं. जाताना सगळीकडे गुडघ्याच्या खालीच पाणी होतं, तळाचे गोटे मोजता येतील इतकं नितळ. दुपारी एकच्या सुमाराला आमच्या डोक्यावर ऊन आणि शेजारच्या डोंगराच्या माथ्यावर काळंकुट्ट आभाळ. गडगडलं तसे आम्ही मागे फिरलो. येताना चार उतार नीट पार झाले. (ओढा ओलांडायच्या उथळ जागेला गावाकडे उतार म्हणतात. त्याहून नेमका शब्द मला माहीत नाही.) चौथ्या आणि पाचव्या उताराच्या मधे एक पऱ्ह्या डोंगरावरून येऊन ओढ्याला मिळतो. पाचव्याशी पोचलो, तर जाताना ज्या दगडावर बसून बुटांतली वाळू झटकली होती, तो दगडच दिसेना. पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं.

पलीकडच्या काठावर वाडीतले एक काका गुरं घेऊन उभे होते. त्यांनी तळहात दाखवून आम्हाला थांबवलं. पाण्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी एक काडी तोडली, पाण्याच्या अगदी कडेला वाळूत रोवली आणि शेजारी उकिडवे बसले. आम्हीही आमच्या काठावर तेच केलं. वीसेक मिनिटांत काडी बुडाली. मागे सरकून दुसरी रोवली. ती अर्धी पाण्यात गेली आणि पाणी तिथेच थबकलं. मग वीत वीत करत ते खाली गेलं. पहिली काडी पुन्हा कोरड्या वाळूत उभी दिसायला अडीच तास लागले. तेव्हा कुठे काकांनी हाताने "या" म्हटलं. तेवढा वेळ ते आमच्यासाठी तिथेच बसून होते.

ओढ्याच्या वाटेबद्दल मला जे सांगायचं आहे ते सगळं त्या काडीत आहे. सात उतार म्हणजे जाऊन-येऊन चौदा वेळा पाण्यात पाय. वर पाऊस झाला की पाणी एकाच उतारावर वाढत नाही, खालच्या सगळ्यांवर थोड्याफार अंतराने वाढतं. गडाच्या वाटेवर पाऊस आला तर भिजत का होईना, खाली उतरता येतं. इथे दोन उतारांच्या मधे माणूस कोंडला जातो. म्हणून या वाटेवर पुढे जाताना प्रत्येक पाण्यापाशी एकच प्रश्न विचारायचा: आणखी तीन तासांनी हे पाणी मला परत ओलांडता येईल का?

महिना आणि वाट

जून ते सप्टेंबर ओढ्यातून चालू नका. पावसाळ्यात धबधब्यांच्या आणि धरणांच्या परिसरात जाण्यावर जिल्हा प्रशासनाकडून बंदीचे आदेश निघतात. नवी मुंबईत खारघरच्या पांडवकड्यावर वनखात्याची मनाई आहे. बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या कुंडाने किती घरं उजाड केली, हे तिथल्या गावकऱ्यांना विचारा. बंदी असेल तिथे आडवाटेने शिरू नका. तुम्हाला काढायला जे येतात, ते बहुतेक वेळा त्याच वाडीतले तरुण असतात आणि त्यांनाही घरदार असतं.

ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतचा काळ चांगला. पाणी नितळ असतं, तळ दिसतो, काठावरचं गवत वाळायला लागलेलं असतं. जानेवारी संपता संपता ठाणे जिल्ह्यातले बरेच लहान ओढे आटून नुसते डोह उरतात. फक्त ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाचं भान ठेवा. सकाळी आभाळ स्वच्छ, ऊन रणरणतं आणि दुपारी तीन-चारला ढग चढून विजांसह तासभर झोडपून काढतो. म्हणून या महिन्यात दुपारी एकपर्यंत परतीचा शेवटचा उतार ओलांडून झालेला असावा. मग निघायचं कधी, ते उलट मोजत जा. कसाऱ्याची किंवा कर्जतची पहाटेची लोकल चुकली, तर त्या दिवशी ओढ्यात न जाता गावाच्या माळावर फिरून या.

ठाणेकराला ओढा म्हटलं की आधी येऊर आठवतं. घरापासून रिक्षाच्या अंतरावर इतकं जंगल फार थोड्या शहरांच्या नशिबी येतं. पण येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तिथे परवानगीशिवाय शिरता येत नाही. शिवाय ओढ्याकाठची गर्द झाडी ही बिबट्याची वाट असते. वनखात्याच्या फाटकावर चौकशी करा, ज्या वाटा खुल्या असतील त्यांवरच चाला आणि उजेडी परत फिरा.

पहिल्यांदा जाणार असाल तर दोन-तीन उतारांची, उघड्या खोऱ्यातली, वाडीपासून हाकेच्या अंतरावरची वाट निवडा. अरुंद घळीतली वाट दुसऱ्या वर्षी करा.

घरी बसून करायचं काम

नकाशा उघडा आणि वाट किती वेळा निळी रेघ छेदते ते मोजा. आकडा कागदावर लिहा. प्रत्येक उताराला नंबर द्या आणि तो ओलांडल्यावर तुम्ही कुठल्या काठावर असाल, ते त्यापुढे लिहा. वाडी, रस्ता, शेत हे सगळं कुठल्या काठाला आहे, हेही लिहा. परतीच्या वाटेवर अडकलात, तर वाडीच्या काठावर अडकलात की समोरच्या, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दोन उतारांच्या मधे सपाट, पाण्यापासून पुरुष-दोन पुरुष उंच जागा कुठे आहे, तीही खूण करून ठेवा.

मग बाजूने येऊन मिळणारे पऱ्हे शोधा. संगमाच्या खालचा प्रत्येक उतार संगमाच्या वरच्या उतारापेक्षा धोक्याचा, कारण तिथे दोन डोंगरांचं पाणी येतं. आम्हाला अडवणारा उतार नेमका असाच होता.

आता पाणलोट, म्हणजे ज्या भागावरचं पाणी वाहून ओढ्यात येतं तो भाग. ओढ्यात येणारं पाणी तुमच्या डोक्यावर पडलेलं असतंच असं नाही, ते वरच्या डोंगरावर पडतं. हिशोब करून पाहा. १ चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५ कोटी लिटर पाणी होतं. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांना १०,००० लिटरचा टँकर ओळखीचा आहे. तसे ५,००० टँकर. जंगल आणि माती यातलं काही पाणी पिऊन टाकतात, पण सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट खडक आणि त्यावरचा मातीचा पातळ थर फार काही धरून ठेवत नाही. पावसाळा संपत आलेला असतो, तेव्हा जमीन आधीच तुडुंब असते आणि बहुतेक पाणी सरळ ओढ्यात येतं. डोंगर उभे, अंतर कमी, त्यामुळे ते फार लवकर येतं. याची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. पाणलोट लहान असेल आणि पाऊस थांबला असेल, तर पाणी उतरतंही लवकर, बरेचदा काही तासांत. म्हणून या वाटेवर थांबून राहणं हा खराखुरा उपाय आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी आणि त्या दिवशी पहाटे हवामान खात्याचा जिल्ह्यानुसार अंदाज पाहा. यलो अलर्ट असेल तर ओढ्याची वाट रद्द करा. ऑरेंज आणि रेडचा तर प्रश्नच नाही. 'जोरदार' हा शब्द खातं ढोबळपणे वापरत नाही. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार, अशी त्यांची मोजणी आहे. कुलाबा आणि वेरावली इथल्या डॉप्लर रडारची चित्रंही खात्याच्या संकेतस्थळावर दिसतात. ढग कुठून कुठे सरकतोय हे त्यात कळतं. मात्र घळीत शिरलात की मोबाइलला रेंज नसते, तेव्हा रडार शेवटच्या वाडीतच पाहून घ्या. आणि वाडीत विचारा: "दादा, रात्री वर पाऊस झाला का? ओढ्याला ओढ आहे का?" या दोन प्रश्नांची उत्तरं कुठलंही ॲप देत नाही.

घरी एक चिठ्ठी ठेवून जा. कुठली वाट, कोण कोण, किती वाजता बाहेर येणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ११२ ला कळवायचं, एवढं तिच्यात असावं. हीच माहिती वाडीतल्या एखाद्या घरी तोंडी सांगा. परत येताना त्या घरी "आलो बरं का" म्हणायला विसरू नका.

पायात आणि पाठीवर

ओढ्यात बूट काढायचे नाहीत. अनवाणी पायाला तळाचा दगड लागला की माणूस झटकन पाय उचलतो आणि तिथेच तोल जातो. चप्पल वाहून जाते, गमबूट पाण्याने भरून जड होतात. महागडे वॉटरप्रूफ बूटही इथे कामाचे नाहीत. वरून पाणी आत गेलं की ते बाहेर पडत नाही. खाचदार रबरी तळव्याचे, जाळीदार कापडाचे, पाणी निथळणारे साधे बूट सगळ्यात बरे. नाड्या घट्ट बांधून टोकं आत खोचा. मोजे सुती नकोत, सिंथेटिक किंवा लोकरीचे घ्या. एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळा ठेवा, तो परतीच्या लोकलसाठी. जीन्स घालू नका. ती भिजली की पायाला चिकटते, जड होते आणि दिवसभर वाळत नाही.

सॅकला वरून घालायचं रेनकव्हर ओढ्यात उपयोगाचं नाही, उलट त्यात पाणी साठतं. सॅकच्या आत कचऱ्याची मोठी जाड पिशवी घाला, सगळं सामान तिच्यात भरा, तोंड पिळून दुमडा आणि रबर लावा. अशी सॅक पाण्यात पडली तर तरंगते.

बाकी सामान थोडकं. खांद्याइतकी उंच, वजन टाकलं तरी न वाकणारी काठी प्रत्येकाला एक. गटात मिळून २० ते २५ मीटर दोर. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, कारण पाण्याच्या आवाजात हाक पोचत नाही. हेडटॉर्च, ओआरएस, प्रथमोपचार, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. आणि एका जेवणाचं जास्तीचं खाणं: दशम्या, गूळ-शेंगदाणे, चिवडा, काहीही. हे जास्तीचं खाणं अगदी महत्त्वाचं. पोटात भूक असली की "चल, होईल पार" असं म्हणायची घाई होते. त्या दिवशी काठावर बसून आम्ही गुळाच्या पोळ्या खाल्ल्या, म्हणून अडीच तास शांतपणे बसू शकलो, असं मला आजही वाटतं.

उतार कुठे शोधायचा

पाण्यापाशी पोचलात की आधी थांबा. पाठीवरची सॅक उतरवा, काठाने पन्नास पावलं वर आणि पन्नास पावलं खाली फिरून या. पायवाट जिथे पाण्यात उतरते तिथेच ओलांडायला हवं असं काही नाही. ती वाट मार्चमध्ये पडलेली असू शकते.

ओढा जिथे अरुंद दिसतो तिथे ओलांडायचा मोह होतो. पण तेवढंच पाणी कमी रुंदीतून जायचं म्हणजे ते खोल तरी असतं किंवा वेगवान तरी, आणि बहुधा दोन्ही. रुंद, पसरट, दोन-तीन धारांत फुटलेली जागा शोधा. वळणाच्या बाहेरच्या काठाशी पाणी खणत जातं, तिथे खोली असते. म्हणून दोन वळणांच्या मधला सरळ भाग बरा.

मग खाली पाहा. पाय सटकला तर पाणी मला कुठे नेईल? खाली उथळ वाळू असेल तर हरकत नाही. पण धबधबा, डोह, मोठ्या धोंड्यांमधली फट किंवा पाण्यात आडवं पडलेलं झाड असेल, तर पाणी गुडघ्याच्या खाली असलं तरी तो उतार सोडा. आडव्या झाडाची भीती अनेकांना कळत नाही. पाणी फांद्यांमधून निघून जातं, माणूस मात्र तिथे दाबला जातो.

आता वेग. सुकी काटकी पाण्यात टाका आणि काठाने तिच्याबरोबर चाला. भरभर चालूनही ती पुढे जात असेल, तर तिथे उतरू नका. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, ही गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. खोलीचं माप म्हणजे गटातल्या सगळ्यात बुटक्या माणसाचा गुडघा. पाणी मांडीला लागलं की रेटा वाढतो आणि शरीर हलकं होऊन पायाची पकडही सुटते, दोन्ही एकदम. तळ दिसत नसेल किंवा पाण्याखाली दगड गडगडत जाण्याचा आवाज येत असेल, तर मोजमाप करतच बसू नका. बाहेर थांबा.

पाण्यात पाऊल

सॅकचा छातीवरचा आणि कमरेचा पट्टा सोडा, खांद्याचे पट्टे थोडे सैल करा. पडलात तर सॅक एका झटक्यात काढता आली पाहिजे.

तोंड वरच्या बाजूला, म्हणजे पाणी येतं तिकडे. काठी समोर, वरच्या बाजूला टेकवा आणि तिच्यावर थोडं झुका. आता तुम्हाला तीन पाय आहेत. एका वेळी एकच हलवायचा: काठी, मग एक पाय, मग दुसरा. पाय उचलून टाकू नका, तळाशी घासत सरकवा आणि नवी जागा चाचपल्याशिवाय वजन देऊ नका. पायात पाय अडकेल असं आडवं पाऊल टाकू नका. समोरचा काठ गाठताना किंचित तिरकं, खालच्या दिशेने सरकत जा. पाण्याशी भांडत वर चढायला गेलात तर पाय लवकर थकतात. नजर पायाशी ठेवली की वाहत्या पाण्याने गरगरतं, म्हणून दोन-तीन हात पुढे पाहा.

पाण्याबाहेर डोकावणाऱ्या दगडांवरून उड्या मारत जाणं ही या वाटेवरची सगळ्यात मोठी चूक. ओला बेसॉल्ट काचेसारखा असतो. हिरवं शेवाळ तरी डोळ्याला दिसतं. काळ्या दगडावरचा काळपट बुळबुळीत थर दिसतच नाही, हात फिरवला तरच कळतो. दगडावरून पडलेला माणूस मनगट, गुडघा किंवा डोकं फोडून घेतो. त्यापेक्षा दगडांच्या मधे, पाण्यात, वाळूवर पाय ठेवा. बूट भिजतील. भिजू द्या, ते पहिल्याच उतारावर भिजून गेले की दिवसभराची ती कटकट मिटते.

अर्ध्यात गेल्यावर पुढचं पाणी खोल वाटलं तर मागे फिरायला लाजू नका. फिरताना पाठ पाण्याकडे करू नका, तसंच तोंड वर ठेवून मागे सरका.

गटाने जाताना दोन रीती चांगल्या. तिघं असाल तर एकमेकांच्या खांद्याचे सॅकपट्टे धरून, तोंडं आत करून त्रिकोण करा. एक जण हलतो, दोघं स्थिर. पाच-सहा जण असाल तर एकामागे एक, प्रवाहाच्या दिशेत रांग करा. सगळ्यात भक्कम माणूस वरच्या टोकाला, त्याच्या मागे त्याची सॅक धरून बाकीचे. पुढचा पाणी फोडतो, मागच्यांना त्याच्या आडोशाला शांत पाणी मिळतं. लहान मुलं किंवा घाबरलेला माणूस मधे. आडवी साखळी करून, हातात हात धरून कधीही जाऊ नका. एक घसरला की सगळे जातात.

दोराबद्दल एक गोष्ट ठाम सांगतो. पाणी ओलांडणाऱ्याच्या कमरेला दोर बांधू नका. तो पडला तर ताणलेल्या दोराने पाण्याखाली दाबला जातो आणि दोर सोडवता येत नाही. आपल्या सोबतचा दोर फेकण्यासाठी आहे.

खुणेचा दगड

प्रत्येक उतार ओलांडून झाला की दोन मिनिटं द्या. पाण्याच्या कडेचा एक ओळखू येणारा दगड निवडा: पांढरी रेघ असलेला, त्रिकोणी, कसाही. पाणी त्याच्या कुठे लागतंय ते दिसेल असा फोटो काढा. फोटोत वेळ आपोआप नोंदली जाते. शेजारी कडेला काडी रोवा. काडी वाहून जाईल, दगड राहील.

वरच्या टोकाला पोचून जेवायला बसलात तरी तिथल्या पाण्याच्या कडेला काडी हवीच. एकाने दर दहा मिनिटांनी तिच्याकडे पाहायचं. पाणी चार बोटं चढलं, नितळपणा गेला, अचानक पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, वरून गार वारा सुटला किंवा ओढ्याचा आवाज भारी झाला, यातलं एकही झालं तर डबा तसाच बंद करून उठा. आणि उठून लगेच खालच्या वाटेने पळत सुटायचं असं नाही. आधी पाण्यापासून वर, उंच जागी जा, मग ठरवा.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. प्रवाहाच्या मधे एका दगडावर एकमेकांना धरून ती उभी होती आणि चारी बाजूंनी पाणी वाढत गेलं. ते दृश्य पाहिलेला माणूस ते विसरणार नाही. प्रवाहाच्या मधला दगड, बेट, वाळूचा उंचवटा या बसायच्या जागा नाहीत, फोटो काढायच्याही नाहीत. विश्रांती नेहमी काठावर घ्या.

पाणी चढलं आणि तुम्ही आत अडकलात

उंचावर बसा, कोरडे कपडे घाला, खा. विजा चमकत असतील तर एकट्या उंच झाडाखाली किंवा डोंगराच्या धारेवर थांबू नका, आणि एकमेकांपासून थोडं अंतर ठेवा. काडी रोवा. पाणी सतत अर्धा-पाऊण तास उतरताना दिसलं, वरचं आभाळ मोकळं झालं आणि खुणेचा दगड सकाळच्या फोटोसारखा दिसायला लागला, की मग ओलांडा. अंधार पडला तर रात्र काठावर काढा. एका रात्रीची थंडी आणि डास सोसता येतात. टॉर्चच्या उजेडात पाण्याची खोली मात्र कधीच कळत नाही.

कोणी वाहून जायला लागलं तर

पडलेल्याने आधी सॅक टाकायची. मग पाठीवर उताणं व्हायचं, पाय खालच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याबाहेर, हातांनी वल्हवत काठाकडे तिरकं जायचं. पाणी वेगात असेपर्यंत उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाऊल दगडांच्या फटीत अडकलं तर मागचं पाणी माणसाला तोंडावर पाडतं आणि गुडघाभर पाण्यातही जीव जातो. समोर आडवं झाड आलं तर उलटं होऊन पोटावर या आणि सगळी ताकद लावून त्याच्यावर चढा.

काठावरच्यांनी पाण्यात उडी घालायची नाही. एकाच्या मागे दुसरा आणि तिसरा जातो, हे आपण दर पावसाळ्यात वाचतो. काठी पुढे करा, दोर फेका, ओढणी, रिकामा कॅन, काहीही फेका. दोर फेकणाऱ्याने खाली बसून पाय रोवायचे, दोर हाताला गुंडाळायचा नाही. पडलेला माणूस दोर धरतो तेव्हा प्रवाहच त्याला झोकून काठाशी आणतो. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबून पाणी काढत बसू नका. तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत. दाब मिनिटाला १०० ते १२०. दुसऱ्याने तोवर रेंज शोधून ११२ किंवा १०८ लावायचा.

डोह

ओढ्याच्या वाटेवर ओलांडताना जितके अपघात होतात, तितकाच धोका अंघोळीच्या वेळी असतो. डोह वरून शांत दिसतो. तळाशी रांजणखळगे असतात. प्रवाहात अडकलेले गोटे गोल गोल फिरून खडकात विहिरीसारखी भोकं पाडतात. कुकडी नदीवरचे निघोजचे खळगे प्रसिद्ध आहेत, लहान प्रमाणात ते आपल्या ओढ्यांतही आहेत. कमरेएवढ्या पाण्यात चालताना पुढचं पाऊल दोन पुरुष खोल पडू शकतं. धबधब्याच्या थेट खालचं फेसाळ पाणी हवेने भरलेलं असतं, त्यात पट्टीचा पोहणारासुद्धा नीट तरंगत नाही. डोहात उडी नको, मद्य घेऊन पाण्याजवळ जाणं नकोच नको. कडेला बसून पाय सोडा. डोळे उघडे ठेवलेत तर दगडाखाली गोड्या पाण्यातले खेकडे दिसतील, आणि नशीब असेल तर माणसासारखी शीळ घालणारा कस्तुर ऐकू येईल.

सांदण, पुढच्या हिवाळ्यासाठी

हात बसला की ठाणेकरांचं मन सांदण दरीकडे वळतं. साम्रद गावापासून सुरू होणारी, रतनगडाच्या शेजारची ही खोल, अरुंद भेग. अर्ध्या दिवसात माथ्यावरून जाऊन यायची, किंवा पूर्ण उतरून ठाणे जिल्ह्यातल्या डेहणे गावाकडे बाहेर पडायची. सुरुवातीलाच दोन ठिकाणी पाणी साठलेलं असतं. पहिलं साधारण मांडीएवढं, दुसरं त्याहून खोल, आणि ऊन पोचत नसल्याने बर्फासारखं थंड. हे साठलेलं पाणी असल्यामुळे इथे वरचा गुडघ्याचा नियम लागत नाही. उंच माणसाने आधी काठीने चाचपत जायचं आणि सॅक डोक्यावर घ्यायच्या. पण दोन्ही बाजूंना कडे असल्याने पाऊस आला तर चढून जायला जागाच नाही. म्हणून पावसाळ्यात आणि परतीच्या पावसातही सांदण पूर्ण वर्ज्य. डिसेंबरनंतर जा आणि गावातला वाटाड्या घ्या. खालच्या टप्प्यात दोरावरून उतरावं लागतं, ते जाणत्या गटाबरोबरच करा.

घरी आल्यावर

बूट धुऊन आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोर सावलीत वाळवा. बोटांच्या बेचक्यांत ओल राहू देऊ नका, चिखल्या होतात. खरचटलेली जागा साबणाने धुवा. गुरं उतरतात त्या पाण्यात जखमेचा पाय भिजला असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, तेव्हा डॉक्टरांना विचारून घ्या. पुढच्या महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या किंवा डोळे लाल झाले, तर ओढ्यात चालल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा.

आणि त्याच रात्री, डोळ्यांसमोर वाट ताजी असताना, वही काढा. उतार किती, कुठला कुठल्या काठाला, कितव्याशी पऱ्ह्या मिळतो, पाणी किती होतं, आदल्या दिवशी पाऊस झाला होता का, हे लिहा. कुठल्या उतारापाशी बसायला उंच, कोरडी जागा आहे, तेही लिहा.